वायरीचं दुसरं टोक

आमच्या ताडकळसच्या बाजूला डोंगर नाही. उंच म्हणावं असं काही असेल, तर कॅनालची पाळ आणि पाण्याची टाकी. तरी बाजाराच्या दिवशी सकाळी उमाजीमामा डोंगरात चालवायची इलेक्ट्रिक सायकल टेम्पोतून घेऊन माझ्या दुकानासमोर उतरले आणि ती बघूनच माझं मनगट दुखायला लागलं. हल्ली ते काम बघूनच दुखतं, काम सुरू व्हायची वाट बघत नाही.

मी आश्रुबा, सायकलचा मिस्त्री. मिसरूड फुटलं तेव्हापासून याच पत्र्याच्या दुकानात बसलोय. पूर्वी बाजाराच्या दिवशी दारात सायकलींची रांग लागायची. आता शाळेच्या पोरींच्या सायकली येतात, त्याही पंक्चरपुरत्या. माझी मुलगी माधवी नांदेडहून फोन करते आणि दर वेळी विचारते, "बाबा, दुकान बंद कधी करताय?" मी म्हणतो, करू. दुकान बंद करायलाही अंगात बळ लागतं, हे तिला कोण सांगणार?

टेम्पोच्या मागच्या फळीवरून कासाबाई उतरल्या. उमाजीमामांची बायको. मामा कमी बोलतात, त्यांच्या वाटचं मामी बोलतात.

"मिस्तरी, हिची मोटार काढून द्या," त्या म्हणाल्या. "पर जराबी ठेचली न्हाई पायजे."

"बसा तरी आधी."

"बसू की. तुमी हात तर लावा."

मी एकुलता एक स्टूल मामांकडे सरकवला. मामी खांबाला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. उमाजीमामा मेंढरांमागं फिरणारा माणूस. गावाबाहेर वस्ती, घरचा कळप. गुडघे गेले तेव्हा पुण्यात गोदामात कामाला असलेल्या त्यांच्या मुलानं, रामप्रसादनं, कुणाची तरी वापरलेली ही सायकल बापासाठी पाठवली. जाड टायर, आणि पायडलजवळ सांगाड्याच्या पोटात घट्ट बसवलेली मोटार. पायडलवर नुसता पाय दाबला की ती पुढं ओढून नेते. मामा धोतर खोचून तिच्यावर बसत आणि मेंढरांमागं पाळीवरून जात. पहिल्यांदा मेंढरं बुजली आणि लोक हसले. मग दोघांनाही सवय झाली.

आता मोटार बंद पडली होती. रामप्रसादनं पुण्यात एक वर्कशॉपवाला गाठला. त्याच्याकडं तसलीच एक चालू मोटार पडून होती आणि ही जुनी धडधाकट मिळाली तर तो ती बदल्यात द्यायला तयार होता. आतले सुटे भाग त्याच्या कामाचे होते म्हणे. पण वरून ठेच नको, सील फुटलेलं नको, आणि पार्सल आजच्या बसनं परभणीला, तिथून रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघालंच पाहिजे. त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक टपून बसलं होतं.

"आन उद्या व्यापारी येनार हाय वस्तीवर," मामी म्हणाल्या. "सायकल नीट व्हत नसली तर सगळीच मेंढरं देऊन टाकू मनले हे. बंद पडली तवापासून मीच जायलेय मागं. आज भावकीतल्याच्या गळ्यात घालून आलेय. असं किती दिस चालायचं? मोटार निघाली तर मेंढरं राहत्याल, न्हाई निघाली तर उद्या जात्याल. आता तुमीच बगा."

म्हणजे एका कळपाचं ओझं माझ्या दुखऱ्या मनगटावर. मी मामांकडं पाहिलं. ते बाजाराकडं निघालेल्या बैलगाडीकडं बघत होते.

कामाला लागलो. बॅटरी काढली. पायडलचे दांडे काढले, चेन उतरवली, वायरींचे जोड सोडवले आणि त्यांच्या तोंडांवर ट्यूबचा रबर गुंडाळला. मोटार धरून ठेवणारे बोल्ट कुरकुरत का होईना, सगळे आले. मला वाटलं, झालं. मोटारीला दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं तर ती जागची हलली नाही. डावीकडून रेटली, उजवीकडून रेटली. सांगाडा उचलला जायचा, सायकल उचलली जायची, पण मोटार काही बाहेर यायची नाही. माहेरी आलेली लेक सासरी जायला इतका नकार देत नसेल.

आरी घेऊन मी फटीत खुपसली. आपली काळी माती वाळली की सिमेंटला मागं सारते हे मला ठाऊक आहे. पण इथं मातीबरोबर आणखी काही तरी होतं. पांढरं, चिकट, वाळून कडक झालेलं. ॲल्युमिनियम फुगून त्याची भुकटी झाली होती आणि त्या सगळ्याचा मिळून एक लुकणाचा थर बसला होता. आरीच्या टोकावरचं मी नाकाशी धरलं. आंबूस, गोडसर वास आला.

"मामी, हिच्यावर काय ओतत होतात?"

"कुठं काय?"

"खरं सांगा."

"आवो, दर अमुशाला नारळ फोडते मी. गाडीला फोडतात तसं. पानी मोटारीवर सोडते, हळद-कुकू वाहते. दुसरं काय वतनार?"

"लोक चाकापुढं फोडतात, मामी. मोटारीवर अभिषेक कुणी घालत नाही."

"चाक काय, कुनालाबी असतंय. ह्यांना ओढून न्यायची ती मोटार. जीव तिच्यात हाय. मंग पानी तिला द्यायचं का चाकाला?"

मला राग आला. दर अमावस्येला गोड पाणी फटीत मुरायचं, पाळीवरची धूळ त्यावर बसायची, वरून ऊन. नवऱ्याला ठेच लागू नये म्हणून त्या बाईनं मोटार सांगाड्यात चिणून टाकली होती. देव पावला की नाही माहीत नाही, माझ्या राशीला मात्र पुरेपूर आला.

तेवढ्यात रामप्रसादचा व्हिडिओ कॉल आला. मी फटीवर फोन धरून त्याला सगळं दाखवलं.

"काका, हातोडा मारू नका हां. ठेच दिसली तर तो घेनार न्हाई."

"बरं."

"आन गॅसबत्तीबी लावू नका. आतलं रबर जळतंय."

"मग काय करू? हात जोडून विनंती करू तिला?"

"तुमी मोठे मिस्तरी हाव काका, तुमी काढताल," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पुण्यात बसून मोठेपणा देणं सोपं असतं.

दुपारपर्यंत मी जे जे येतं ते सगळं केलं. गंज सुटायचं तेल सोडलं. शेजारच्या हॉटेलातून उकळतं पाणी आणून फडक्यांनी सांगाड्याला शेक दिला. शेक देताना मला वाटलं, हाच शेक मनगटाला दिला असता तर काही तरी फायदा झाला असता. जुन्या चाकाची तार चपटी करून फटीतली माती उकरली. वरची निघाली, आतली तशीच. बाभळीची पाचर करून अलगद ठोकली, तर पाचर चिरली. मोटार मात्र तशीच. उन्हानं पत्रा तापला, माझी पाठ भरून आली, आणि एका क्षणी मी ती सगळी सायकल रस्त्यावर भिरकावून द्यायच्या बेतात होतो. थकल्यावर माणूस चिडतो आणि चिडल्यावर आणखी थकतो. यातून सुटका नसते.

मामी मधूनमधून विचारायच्या, "हलली का?" मी म्हणायचो, "न्हाई." आणि मामा? मामा मी "न्हाई" म्हटलं की तंबाखूची चंची काढायचे. मला तेव्हा वाटलं, काळजीनं.

"मी बाजार करून येते," शेवटी मामी उठल्या. उठताना खांब धरला, थोडं थांबल्या, मग पिशवी घेतली. "मीठ-मिरची घ्यायची हाय. बसच्या आदी येते."

त्या गेल्या आणि मला ब्रेकची वायर सुचली. हे आधीच सुचायला हवं होतं, पण थकलेलं डोकं आधी सगळे चुकीचे रस्ते फिरून येतं. फटीत वरून ब्रेकची बारीक पोलादी वायर घालायची, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधायचे, आणि सुतार दोघं मिळून मोठी करवत ओढतात तशी ती ओढायची. ती आतला थर कापत जाते, मोटारीला धक्काही लागत नाही. पण या कामाला दोन माणसं लागतात. एकट्यानं ओढली तर वायर नुसती वाकते.

"मामा, जरा हे टोक धरा."

मामा आले. स्टूल ओढून पलीकडं बसले आणि लाकूड हातात घेतलं. मी ओढलं, त्यांनी ओढलं. काळी-पांढरी भुकटी खाली पडायला लागली. मला बरं वाटलं. तसं बराच वेळ चाललं आणि मग तिकडून ताण येईना. मी ओढली की वायर सैल यायची, आणि त्यांची पाळी आली की ती तिथंच थांबायची.

"मामा, ओढा की."

"ओढायलोय."

"ताण येत नाही."

त्यांनी एकदा ओढल्यासारखं केलं. मी चाळीस वर्षं हातानं काम करतोय. समोरचा माणूस ओढतोय की ओढल्याचं सोंग करतोय, हे वायरीतून कळतं. मी माझं टोक खाली ठेवलं.

"काय चाललंय? माझी सकाळपासून कंबर मोडली आणि तुम्ही हात राखून ओढताय? मेंढरं माझी आहेत का तुमची?"

मामांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. मग अगदी हळू म्हणाले, "आश्रुबा, निघत न्हाई मन."

"काय?"

"कासी आली की तिला मन, मोटार निघत न्हाई. तेवढं कर माझं काम."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. सबंध दिवस गेला होता.

"अहो, मग आलात कशाला?"

"मी कुठं आलो? तिनं आनलं." त्यांनी लाकूड मांडीवर ठेवलं. "लेकरू व्हतो तवापासून मेंढरांच्या मागं हाय. बेजार झालो, मिस्तरी. गुडघे दुखायलेत मनलं तर पोरानं सायकल धाडली. लय चांगलं केलं, सगळे मनले. गुडघ्याचं बगितलं समद्यांनी. माझं कुनी इचारलंच न्हाई. मोटार बंद पडली त्या दिशी पाळीवरच बसलो मी. लय बरं वाटलं बग. देवानंच केलं मनलं."

माझा राग तिथंच विरला. मला माधवीचा फोन आठवला. माझी मुलगी निदान दर वेळी विचारते, आणि मी "करू" म्हणून तिला टाळतो. या माणसाला विचारणारंही कुणी नव्हतं. मला त्यांची फार कीव आली आणि थोडी माझीही आली.

"सांगतो," मी म्हणालो.

वायर फटीत तशीच लोंबत होती. ती काढायलाही कुणी उठलं नाही. आम्ही दोघं चहा मागवून बसलो. मामी पिशवी घेऊन परत आल्या, तेव्हा आमचे कप रिकामे झाले होते.

"हलली का?"

"निघत नाही, मामी," मी म्हणालो. "लय जाम झाली. आता ठोकल्याशिवाय निघायची नाही."

मामींनी माझ्याकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं, मग सायकलीकडं पाहिलं. "कशी निघत न्हाई? ही वायर तर निम्मी आत गेली की. अर्धं कापलंया." त्यांनी पिशवी खाली टाकली, मामांच्या मांडीवरचं लाकूड उचललं आणि पाय रोवून उभ्या राहिल्या. "धरा तिकडून."

मी धरलं. मनाशी ठरवलं होतं की सैल सोडायचं. पण त्यांनी पहिला हिसका दिला आणि लाकूड माझ्या हातातून सुटता सुटता राहिलं. दुसऱ्या हिसक्याला मी न ठरवताच उलटा ओढला. तोंडानं मला खोटं बोलता येतं. हातानं जमत नाही, निदान काम समोर असताना तरी नाही. मग आम्ही ओढतच राहिलो. त्यांच्या बांगड्या वाजत होत्या, भुकटीचा ढीग वाढत होता, आणि मामा आमच्याकडं न बघता चंचीची दोरी गुंडाळत होते. डावी बाजू मोकळी झाली. वायर उजवीकडं घातली. तिथं फार ओढायला लागलंच नाही. सांगाडा एकदा करकरला आणि मोटार आपल्या वजनानं माझ्या ओंजळीत आली. जड होती, आणि कुठंही ठेच नव्हती.

"निघाली!" मामींनी ती पदरानं पुसली. "आवो, बगा की. निघाली."

मामांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की ते रडताहेत.

"मला जायचंच न्हाई आता मागं," टॉवेलमधूनच ते म्हणाले. "चालतबी न्हाई आन मोटारीवरबी न्हाई."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण मामी शांत होत्या.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

"ठाऊक हाय? मंग कामून आनलंस इथं?"

"माझ्या बापानं मेंढरं इकली न् दारात बसला. बसला तो बसलाच. बोलना, जेवना. पुढचा पोळा बगितला न्हाई त्यानं. तुमी पंधरा दिस झाले तसंच बसायलाव, तसंच बगायलाव. थकलेला मानूस चालतो मला. बसलेला न्हाई."

मामांनी टॉवेलनं डोळे पुसले. मग म्हणाले, "अर्धी इकू."

"अर्ध्यांच्या मागं काय अर्धंच चालावं लागतंय?"

खरंच होतं ते. मामांनाही ते पटलं असावं, म्हणूनच ते चिडले. "तुला काय जातंय बोलायला? गुडघे माझे दुखायलेत."

मामींच्या हातात अजून ते वायरीचं लाकूड होतं. त्यांनी ते माझ्या फळीवर नीट ठेवलं. आवाज जरासुद्धा न चढवता त्या म्हणाल्या, "आन माझे?"

मामांनी टॉवेल खाली घेतला.

"मोटार बंद पडल्यापासून कोन जायलंय मागं? त्याच्या आदीबी, तुमी सायकलीवर पुढं, आन मागं राहिलेली कोकरं काखंत घालून कोन आनत व्हतं? पोरानं बापाला सायकल धाडली. आईला काय धाडलं? तुमचं कुनी इचारलं न्हाई मनता. माझं तुमी तरी इचारलं का?"

म्हणजे मामांचं आणि माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, किंवा ऐकायची त्यांना गरजच नव्हती. मी खाली मान घातली. सकाळी स्टूल मी मामांना दिला होता. त्या दिवसभर जमिनीवर बसल्या, उठल्या, खांब धरून थांबल्या, आणि ते सगळं मी बघितलं होतं. बघूनही मला काही दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मामा स्टुलावरून उठले. त्यांनी स्टूल मामींकडं सरकवला. "बस," ते म्हणाले.

"आता न्हाई बसत." मामी माझ्याकडं वळल्या. "मिस्तरी, ही मोटार बांधा खोक्यात. बस यायची येळ झाली. आन हिचं सीट खाली व्हतंय का?"

"होतं की. किती खाली?"

"मला पाय टेकंल इतकं."

मामा बघतच राहिले. "तू बसनार? हिच्यावर?"

"मंग कोन? तुमी घरी कोकरं बगा, गोठा बगा, पानी भरा. तुमचा हात हालता राहू द्या, मला तेवढंच पायजे. मागं मी जाते. रामप्रसादला मनावं, मोटार आईसाठी हाय, दमदार बगून धाड."

मी मोटार गोणपाटात गुंडाळून खोक्यात घातली, सुतळीनं आवळून बांधली. हॉटेलवाल्याला आवाज देऊन बस थांबवायला सांगितलं, ती आली, आणि खोकं कंडक्टरच्या हवाली करून मी परत आलो. तोवर दोघंही सायकलीपाशी तसेच उभे होते. मी पाना घेतला आणि सीट खाली घ्यायला लागलो. मामींनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि बाजूला येऊन उंची बघितली.

"अजून खाली," त्या म्हणाल्या.

सीट अगदी तळाला टेकलं. सायकल मोटारीविना हलकी झाली होती, जरा धक्का लागला की डुलायची. मामांनी पुढं होऊन दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"व्यापाऱ्याला काय सांगू उद्या?" त्यांनी विचारलं.

"च्या पाजा आन वाटंला लावा," मामी म्हणाल्या. "आन आता हालू नका. धरून ठेवा नीट."

मामांनी धरून ठेवलं. मामींनी एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, पाय दांडीवरून पलीकडं टाकला, आणि गुडघ्यात कळ आली तशी डोळे मिटून क्षणभर थांबल्या.

"लय दुखायलंय का?" मामांनी विचारलं.

मामींनी डोळे उघडले. "लय," त्या म्हणाल्या.